एक तलाव, दोन कॉन्फरन्स: अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या जलतरण संघाचे प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेतील विद्यापीठांचे क्रीडासंघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात. वर्षभरातल्या बऱ्याच लढती आपल्याच गटातल्या विद्यापीठांशी होतात आणि मोसमाच्या शेवटी त्या गटाची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा असते. हे गट मुळात शेजाराच्या तत्त्वावर बांधले गेले होते. शुक्रवारी दुपारी बसने निघून शनिवारी रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावरची विद्यापीठे एकत्र आली होती. गेल्या काही वर्षांत मात्र कोणी कोणत्या गटात असावे हे अमेरिकन फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांतून मिळणाऱ्या पैशावर ठरू लागले आहे.

जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा या विद्यापीठांनी बिग १२ ही कॉन्फरन्स सोडून एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) मध्ये जात असल्याचे जाहीर केले. रिकाम्या होणाऱ्या जागा भरण्यासाठी बिग १२ ने त्याच सप्टेंबरात बीवायू (ब्रिगम यंग विद्यापीठ), सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा यांना बोलावले. त्यांतली तीन ज्या अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्सची होती तिने ऑक्टोबरात कॉन्फरन्स यूएसएकडून सहा विद्यापीठे घेतली. मग कॉन्फरन्स यूएसएने आपली जागा भरण्यासाठी आणखी खाली हात घातला. जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी पॅक-१२ सोडून बिग टेन या कॉन्फरन्सचा रस्ता धरला, आणि सप्टेंबर २०२३ च्या सुरुवातीला पॅक-१२ या जुन्या नामवंत गटात बाहेर पडण्याचे न ठरवलेली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट अशी दोनच विद्यापीठे उरली. या घडामोडींत पुढाकार घेणाऱ्या किंवा पाठोपाठ बाहेर पडणाऱ्या विद्यापीठांपैकी ओक्लाहोमा, कोलोरॅडो, ओरेगन आणि वॉशिंग्टन यांच्याकडे जलतरणाचा विद्यापीठ संघच नाही. ज्यांचे निर्णय शेकडो जलतरणपटूंच्या वेळापत्रकावर आदळले, त्यांतल्या अनेकांना त्या टेबलावर जलतरणाचा विचार करण्याचे कारणच नव्हते.

वरच्या पातळीवर पाहिले तर या उलथापालथीने फारसे बिघडले असे वाटत नाही. २०२४ मध्ये पुरुषांचे राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदाच मिळवणारे अ‍ॅरिझोना स्टेट त्याच उन्हाळ्यात बिग १२ मध्ये गेले. एसईसीमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात, २०२५ मध्ये, टेक्सासने पुरुषांचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया (बर्कली) हे पश्चिम किनाऱ्यावरचे संघ आता अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) मध्ये पोहतात आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते तिच्या अजिंक्यपद स्पर्धेसाठी देश ओलांडून उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरोला गेले. ज्या संघांकडे पैसा, नाव आणि ऑलिम्पिक दर्जाचे खेळाडू आहेत ते कुठेही नेऊन ठेवले तरी तगतात. खरा ताण साखळीच्या मधल्या आणि खालच्या कड्यांवर पडतो, आणि पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका मधल्या कडीचे आहे.

विद्यापीठ सरकारी आहे, मध्यम आकाराचे आहे. पुरुष आणि महिला असे दोन जलतरण संघ, पण तलाव एक, मुख्य प्रशिक्षक एक, दोन सहायक आणि डायव्हिंगसाठी एक प्रशिक्षक. जुन्या कॉन्फरन्समध्ये दोन्ही संघांची अजिंक्यपद स्पर्धा एकाच आठवड्यात, एकाच तलावात होत असे. मी त्या काळात क्रीडा विभागात विद्यार्थी-खेळाडूंची शैक्षणिक सल्लागार म्हणून काम करत होते आणि हे दोन्ही संघ माझ्याकडे होते. विद्यापीठाची आणि व्यक्तींची ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत.

समस्या

फेररचनेच्या त्या पहिल्या लाटेत, शरद ऋतूत, विद्यापीठाने नव्या आणि अधिक श्रीमंत कॉन्फरन्सचे निमंत्रण स्वीकारल्याचे पत्रकार परिषदेत जाहीर केले. व्यासपीठावर अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि फुटबॉलचे प्रशिक्षक होते. जलतरणाच्या मुख्य प्रशिक्षकांना त्याच सकाळी सर्व प्रशिक्षकांना आलेल्या ईमेलमधून ही बातमी कळली. नव्या कॉन्फरन्समध्ये महिलांच्या जलतरणाची स्पर्धा होती. पुरुषांची नव्हती, कारण तिच्या सदस्यांपैकी फारच थोड्यांकडे पुरुषांचा संघ होता. म्हणजे प्रत्यक्ष प्रवेश होईल त्या जुलैपासून विद्यापीठाच्या महिला संघाला घर होते आणि पुरुष संघाला नव्हते.

क्रीडा विभागात त्या वेळी एक समज सर्रास ऐकू येत होता. जलतरणात घड्याळ सगळीकडे सारखेच चालते, तेव्हा कॉन्फरन्स कोणती याने काय बिघडते, असा तो समज होता. यात अर्धे सत्य आहे. राष्ट्रीय स्पर्धेची निवड तेव्हा वेळेवरून होत होती: देशभरातल्या मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या वेळा एकत्र लावून पुरुषांतून २३५ आणि महिलांतून २८१ जलतरणपटू घेतले जात. डायव्हिंगची पात्रता भौगोलिक विभागांतून ठरते, तिचाही कॉन्फरन्सशी संबंध नाही. फुटबॉल किंवा बास्केटबॉलमध्ये तुम्ही कोणाला हरवले याला जे महत्त्व असते ते इथे नाही.

परंतु आमच्यासारख्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला एखादाच खेळाडू जातो, कधी तोही जात नाही. उरलेल्या सगळ्यांसाठी फेब्रुवारीतली कॉन्फरन्सची स्पर्धा हाच वर्षाचा शेवट असतो, आणि चौथ्या वर्षाच्या बहुतेक मुलामुलींसाठी ती आयुष्यातली शेवटची स्पर्धा असते. सप्टेंबरपासूनचा सारा सराव त्या चार दिवसांकडे बघून आखलेला असतो. हिवाळ्याच्या सुट्टीत अंतर सर्वाधिक वाढवायचे, मग शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ते उतरवत आणून शरीराला ताजेतवाने करायचे, याला जलतरणपटू टेपर म्हणतात. टेपर वर्षातून एकदा, फार तर दोनदा नीट साधतो. त्यामुळे कॉन्फरन्स बदलली की पोहण्याचा वेग बदलत नाही, पण तो वेग ज्या आठवड्यासाठी राखून ठेवायचा तो आठवडा, ते शहर आणि समोरच्या लेनमधली माणसे बदलतात. पुरुष संघाच्या बाबतीत तर असा आठवडा उरतो की नाही हेच ठरलेले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पुरुष संघ बंद करण्याचा होता. तो कोणी मोठ्याने बोलत नसे, पण अर्थखात्याच्या पहिल्या टिपणात तो सर्वांत वर होता. फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात राहण्यासाठी विद्यापीठाने किमान १६ खेळ चालवावे लागतात, त्यांत पुरुषांचे किमान सहा. आमच्याकडे ही संख्या जेमतेम एकाने जास्त होती, म्हणजे बंद करणे नियमात बसत होते, पण त्यानंतर हात हलवायला जागा उरत नव्हती. बचतीचा आकडाही दिसतो तितका मोठा नव्हता, आणि हा मुद्दा मला तेव्हाही महत्त्वाचा वाटला होता, आजही वाटतो. त्या वेळच्या नियमांनुसार पुरुषांच्या जलतरण संघाला जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या पंचवीस-तीस मुलांत तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात. बहुतेक मुले शिक्षणशुल्काचा मोठा भाग स्वतः भरत होती. संघ बंद केल्यास प्रशिक्षण आणि प्रवासाचा खर्च वाचला असता, पण त्यासोबत ही भरणारी मुलेही गेली असती. तलाव तर महिलांसाठी चालूच ठेवावा लागणार होता. शिवाय २०२० चा अनुभव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मिशिगन स्टेटने तेव्हा दोन्ही जलतरण संघ बंद केले आणि ते बंदच राहिले. आयोवाने दोन्ही बंद करण्याचे जाहीर केले, आणि कोर्टकचेरीनंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये महिलांचा संघ परत आणला. असे निर्णय जाहीर करणे सोपे असते, निस्तरणे अवघड जाते, हे संचालकांना पुरेपूर माहीत होते.

दुसरा पर्याय कोणत्याही कॉन्फरन्सशिवाय स्वतंत्र पोहण्याचा. त्यात लढती मिळाल्या असत्या आणि वर्षाच्या शेवटी प्रशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निमंत्रित स्पर्धेत भाग घेता आला असता. मुख्य प्रशिक्षकांनी याला ठाम विरोध केला. संघ म्हणून गुण मिळवण्याची जागा नसेल तर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये अठरावा येणाऱ्या मुलाने तरी कशासाठी पहाटे पाचला पाण्यात उतरावे, हा त्यांचा प्रश्न होता. तिसरा पर्याय नव्या कॉन्फरन्सला पुरुषांची स्पर्धा सुरू करायला लावण्याचा; त्यावर पत्रव्यवहार झाला आणि पुरेसे संघ नाहीत म्हणून तो तिथेच थांबला.

उरला चौथा पर्याय, म्हणजे केवळ पुरुषांच्या जलतरणापुरते दुसऱ्या एखाद्या कॉन्फरन्सचे संलग्न सदस्य होण्याचा. अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. इथे दोन उमेदवार पुढे आले आणि खरी चर्चा त्या दोघांभोवतीच झाली. पहिली कॉन्फरन्स बसने गाठता येईल इतकी जवळ होती. तिथे आमच्या मुलांचे जुने प्रतिस्पर्धी थोडेफार होते, पण तिची अजिंक्यपद स्पर्धा नेमकी महिलांच्या नव्या स्पर्धेच्याच आठवड्यात, दुसऱ्या शहरात होत असे. दुसरी दूर होती, तिला विमानाने जावे लागले असते, पण तिची स्पर्धा एक आठवडा उशिरा असल्याने मुख्य प्रशिक्षकांना दोन्हीकडे हजर राहता आले असते.

मुख्य प्रशिक्षकांना दुसरी हवी होती. सहायकांपैकी एकाचे म्हणणे वेगळे होते. दोन संघ एकाच पाण्यात सराव करतात. निम्म्यांचा टेपर सुरू आणि निम्मे अजून पूर्ण अंतर मारत आहेत, अशा स्थितीत सकाळच्या सत्रात लेन कशा वाटायच्या आणि एकमेकांना जोर देणाऱ्या जोड्या कशा टिकवायच्या, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले होते. मला माझ्या बाजूचा विचार करावा लागला. स्पर्धेच्या दिवसांची गैरहजेरी दोन्ही पर्यायांत सारखीच होती, पण दूरच्या पर्यायात विमान बदलण्यात अलीकडे-पलीकडे दोन दिवस जास्त जाणार होते, आणि फेब्रुवारीचा शेवट हा आमच्या विज्ञान शाखांच्या पहिल्या चाचण्यांचा काळ असतो. मी जवळच्या कॉन्फरन्सच्या बाजूने लेखी मत दिले, आणि शेवटी निवड तिचीच झाली.

प्रत्यक्ष कृती

इथे या प्रकरणातला सर्वांत महागात पडलेला भाग येतो, आणि तो निवडीचा नसून वेळेचा आहे. संलग्न सदस्यत्वाच्या अर्जावर त्या कॉन्फरन्सची सदस्य विद्यापीठे वर्षातून एकदा, वसंत ऋतूतल्या बैठकीत मतदान करतात. शरद ऋतूतल्या घोषणेनंतर लगेच अर्ज केला असता तर तो येत्या बैठकीत मंजूर होऊ शकला असता. पण क्रीडा विभागाचे सगळे लक्ष जुन्या कॉन्फरन्समधून बाहेर पडण्याच्या शुल्कावर, फुटबॉलच्या वेळापत्रकावर आणि स्टेडियमच्या कामावर होते. पुरुषांच्या जलतरणाचा प्रश्न अधिकृतपणे टेबलावर आला तोवर ती बैठक होऊन गेली होती. अर्ज पुढच्या वर्षीच्या बैठकीत गेला आणि मंजुरी मिळाली ती प्रत्यक्ष स्थलांतराच्या अगदी तोंडावर.

मधल्या वर्षात प्रवेशेच्छू खेळाडूंच्या करारांचा नोव्हेंबर महिना येऊन गेला. शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुले आणि त्यांचे पालक तलावाच्या काठावर उभे राहून एकच प्रश्न विचारत: तुम्ही पुढच्या वर्षी कोणत्या स्पर्धेत पोहणार? प्रशिक्षकांनी त्यांना खरे तेच सांगितले, की ते अजून ठरलेले नाही. त्या वर्षी पुरुष संघात आलेली तुकडी नेहमीपेक्षा लहान होती.

संघात आधीपासून असलेल्यांची अस्वस्थता वेगळी होती. त्यांच्यात महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावचा पहिल्या वर्षाचा मुलगा होता, ब्रेस्टस्ट्रोकचा. मराठी बोलणारी म्हणून त्याच्या वडिलांनी माझा नंबर मिळवला आणि एका रात्री, त्यांच्या सकाळी, फोन केला. “ताई, कॉन्फरन्स बदलली म्हणजे याची स्कॉलरशिप जाणार का? आणि स्कॉलरशिप गेली तर व्हिसाचं काय होणार?” मी त्यांना सांगितले की चालू वर्षाची मान्य केलेली शिष्यवृत्ती संघाच्या कॉन्फरन्सवर अवलंबून नसते, व्हिसा विद्यापीठातल्या पूर्णवेळ प्रवेशावर अवलंबून असतो, संघावर नाही, मात्र आर्थिक मदत पुढे कमी झाली तर ती तफावत भरून निघते हे आय-२० या, व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणाऱ्या कागदावर दाखवावे लागेल. ते ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे आज काही जात नाही, पण उद्याचं तुम्हीही सांगू शकत नाही.” ते बरोबर बोलत होते. त्या आठवड्यात मी पुरुष संघातल्या प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यासाठी संघ बंद झाल्यास काय काय करावे लागेल याचे टिपण तयार केले आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून तपासून घेतले. त्याचा उपयोग करावा लागला नाही, पण ते टिपण हातात पडल्यावर मुलांचे प्रश्न कमी झाले.

मंजुरी मिळाल्यावर दुसरा निर्णय आला: त्या एका आठवड्यात कोण कुठे जाणार. क्रीडा संचालकांना नव्या कॉन्फरन्समध्ये पहिला ठसा चांगला उमटावा असे वाटत होते, म्हणून मुख्य प्रशिक्षक महिलांबरोबर गेले. पुरुषांबरोबर ज्येष्ठ सहायक गेले. डायव्हिंगचे प्रशिक्षक महिलांबरोबर, आणि पुरुषांच्या दोन डायव्हरांना तिथल्या एका यजमान विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी फळीवर लक्ष देण्याचे मोठ्या मनाने कबूल केले. फिजिओ एक इथे, एक तिथे. मी पुरुषांबरोबर गेले, कारण चाचण्या त्यांच्याकडे जास्त होत्या.

माझे काम सांगताना एक बारीक गोष्ट सांगणे गरजेचे आहे, कारण ती अशा चर्चांत कोणी मांडत नाही. प्रवासाचे दिवस वाढले की अमेरिकी मुले दोनतीन विषय ऑनलाइन घेऊन वेळापत्रक सैल करतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्याला ती मोकळीक नसते. पूर्णवेळ अभ्यासक्रमात त्याचा एकच ऑनलाइन विषय धरला जातो. आमच्या या मुलाचा सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रयोगवर्ग दर गुरुवारी होता आणि त्या गुरुवारी तो दुसऱ्या शहरात शंभर यार्ड पोहण्याच्या तयारीत असणार होता. प्राध्यापकांशी बोलून तो प्रयोग आधीच्या सोमवारी दुसऱ्या तुकडीबरोबर करून घेतला, आणि त्याची लेखी चाचणी शुक्रवारी, सकाळच्या प्राथमिक फेऱ्या आणि संध्याकाळच्या अंतिम फेऱ्या यांच्या मधल्या वेळेत, हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत माझ्या देखरेखीखाली झाली. ओल्या केसांनी, टोपी घालून, हातात प्रोटीन शेक घेऊन तो लिहीत होता. अशा चाचण्या त्या आठवड्यात मी अनेकांच्या घेतल्या, पण पर्याय नसल्याने ज्याला ती द्यावीच लागली असा तो एकटा होता.

परिणाम

महिलांच्या बाजूचा पहिल्या वर्षाचा निकाल आकड्यांत निराशाजनक होता आणि घड्याळावर चांगला होता. त्या स्पर्धेत पहिल्या चोवीस जणींना गुण मिळत, पहिलीला ३२ आणि चोविसावीला १, आणि रिलेचे गुण दुप्पट. जुन्या कॉन्फरन्समध्ये आमच्या ज्या मुली अंतिम आठांत पोहत त्या इथे तिसऱ्या अंतिम फेरीत, सतराव्या ते चोविसाव्या क्रमांकांत पोहल्या. ज्या तिथे कसेबसे गुण मिळवत त्या इथे सकाळीच संपल्या. संघाचा क्रमांक घसरला. तरीही बऱ्याच जणींनी आपली आजवरची सर्वोत्तम वेळ नोंदवली, कारण समोर वेगाने पोहणारी माणसे होती. दोघी वर्षअखेर दुसऱ्या विद्यापीठांत गेल्या. त्यांतली एक मला म्हणाली होती की हळू पोहून जिंकणे आणि वेगाने पोहून मागे राहणे यांतले काय हवे हे तिला कोणी विचारले नव्हते.

पुरुषांची गोष्ट पहिल्या संध्याकाळीच वळली. स्पर्धेची सुरुवात २०० यार्डांच्या मेडले रिलेने होते: बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल. आमचा बॅकस्ट्रोकचा मुलगा चांगला आला, ब्रेस्टस्ट्रोकला महाराष्ट्रातला तो मुलगा उभा होता, आणि त्याचे पाय ब्लॉकवरून आधीच्या पोहणाऱ्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी सुटले. रिले बाद झाली. पहिल्याच शर्यतीत दुप्पट गुणांची सगळी रक्कम गेली. त्या क्षणी मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या शहरातल्या तलावाकाठी मोबाइलवर निकाल पाहत होते, आणि नावापुढे वेळेऐवजी बाद असे दिसल्यावर त्यांनी आम्हाला फोन केला.

रिलेतली अदलाबदल हा मुख्य प्रशिक्षकांचा खास विषय. ते स्वतः स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक जोडीचा सराव घेत. ते तिथे असते तर असे झालेच नसते असे म्हणणे ज्येष्ठ सहायकांवर अन्यायाचे ठरेल, कारण त्यांनीही तो सराव घेतला होता आणि अदलाबदलीची वेळ चुकणे कोणाकडूनही होते. पण त्यानंतरची रात्र मी पाहिली. तो मुलगा हॉटेलच्या जिन्यात बसून राहिला, आणि त्याला काय बोलावे हे ज्याला सर्वांत चांगले ठाऊक होते तो माणूस फोनच्या पलीकडे होता. ज्येष्ठ सहायकांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशीच्या रिलेत त्यालाच ठेवले. तिथे त्याने सावध सुरुवात केली, थोडी जास्तच सावध, पण रिले गुणांत आली. आणि शंभर यार्डांच्या ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तो दुसऱ्या अंतिम फेरीत स्वतःच्या सर्वोत्तम वेळेने पोहला. पुरुष संघ स्पर्धेत मधल्या क्रमांकावर राहिला.

दुसऱ्या वर्षी व्यवस्था बदलली. मुख्य प्रशिक्षक पुरुषांबरोबर गेले, महिलांबरोबर दुसऱ्या सहायक, आणि डायव्हिंगसाठी अर्धवेळ प्रशिक्षिका नेमण्यात आल्या. डिसेंबरच्या सुरुवातीची मोठी निमंत्रित स्पर्धा दोन्ही संघांनी मिळून पोहायची असे ठरले, म्हणजे वर्षात निदान एकदा सगळे एका तलावाच्या काठावर उभे राहून एकमेकांसाठी ओरडतील. या एका बदलाने संघातले वातावरण जितके सुधारले तितके कशानेच नाही.

त्यानंतर जून २०२५ मध्ये विद्यापीठातील खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या हाउस खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. तिने शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा काढून संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातली, जलतरणात तीस, आणि विद्यापीठांना खेळाडूंशी थेट उत्पन्न वाटून घेण्याची मुभा दिली. २०२५–२६ साठी या वाटपाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांची ठरली. आमच्यासारखे विद्यापीठ त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, पण जो पैसा वाटला जातो तो मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि कुठून तरी काढावाच लागतो. मार्च २०२५ मध्ये कॅल पॉलीने दोन्ही जलतरण संघ बंद केले तेव्हा या तडजोडीचा आर्थिक भारही कारणांत सांगितला होता. आमचा पुरुष संघ हे लिहिताना चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी क्रम. निमंत्रण स्वीकारण्याआधी प्रत्येक खेळाच्या प्रशिक्षकाला एक लेखी प्रश्न विचारता आला असता: नव्या कॉन्फरन्समध्ये तुमच्या खेळाची स्पर्धा आहे का, आणि नसेल तर तुम्ही कुठे जाल? यासाठी गुप्ततेचा भंग करावा लागत नाही; कोणत्या कॉन्फरन्समध्ये कोणते खेळ आहेत हे उघड माहितीत असते आणि क्रीडा विभागातला एखादा जाणता माणूस दुपारभरात ते तपासू शकतो. हे झाले असते तर अर्ज पहिल्याच बैठकीत गेला असता आणि प्रवेशाचे एक पूर्ण वर्ष वाया गेले नसते. बाकी सगळ्या अडचणींवर तोडगे निघाले. लहान राहिलेली ती एक तुकडी मात्र चार वर्षे संघात लहानच राहणार आहे, आणि तिला तोडगा नाही.

जवळची कॉन्फरन्स निवडण्याच्या निर्णयावर मुख्य प्रशिक्षकांचे आणि माझे आजही एकमत नाही. त्यांच्या मते आठवडाभराचे अंतर असते तर संघाला एकच डोके राहिले असते आणि लेनची वाटणी कशीतरी जमवता आली असती. मला वाटते, बसचे अंतर हेच आमच्यासारख्या संघाचे आयुष्य वाढवते, कारण खर्चाची फाइल पुन्हा उघडली जाते तेव्हा विमानाची तिकिटे सर्वांत आधी दिसतात. परंतु हा निर्णय घेताना त्याची किंमतही त्याच दिवशी मंजूर करून घ्यायला हवी होती: दोन शहरांत दोन संघ पाठवायचे असतील तर डायव्हिंगला दुसरा माणूस लागतो, अंतिम निर्णय घेण्याचा अधिकार असलेला प्रशिक्षक दोन्हीकडे लागतो, आणि शैक्षणिक देखरेखीलाही दोन माणसे लागतात. ती मंजुरी पहिल्या वर्षाच्या अनुभवानंतर मिळाली.

पहिल्या वर्षी मुख्य प्रशिक्षकांना महिलांबरोबर पाठवणे मला तेव्हाही चुकीचे वाटले होते आणि मी तसे बैठकीत म्हटले होते. महिला संघ नव्या जागी जात होता, पण त्याला जागा होती. पुरुष संघाने दीड वर्षाहून जास्त काळ आपण राहणार की नाही या अनिश्चिततेत काढले होते, आणि त्या पहिल्या संध्याकाळी त्यांच्याजवळ कोण उभे आहे यावरून विभाग त्यांना काय समजतो हे ती मुले वाचत होती. नव्या कॉन्फरन्सवर ठसा उमटवणे एक वर्ष थांबू शकले असते.

महिलांच्या बाबतीतही एक गोष्ट राहून गेली. नवी कॉन्फरन्स अधिक वेगवान आहे, तिथे पहिल्या वर्षी गुण कमी येतील आणि वेळा सुधारतील, हे प्रशिक्षकांना आकडेवारीवरून स्पष्ट दिसत होते. ते मुलींना मोसमाच्या सुरुवातीलाच, प्रत्येकीच्या वेळेसह, सांगायला हवे होते. काहींनी त्यातूनही जाण्याचाच निर्णय घेतला असता, पण तो त्यांनी सप्टेंबरात समजून घेतला असता.

संलग्न सदस्यत्वाचा करार मुदतीचा आहे आणि त्याचे नूतनीकरण जवळ आले आहे. या वेळी अर्जाबरोबर मुख्य प्रशिक्षकांनी दोन मागण्या लेखी जोडल्या आहेत: पुढील वर्षांच्या स्पर्धेच्या तारखा करारातच नमूद कराव्यात, आणि आमच्या विद्यापीठाने पुन्हा कॉन्फरन्स बदलली तरी पुरुष संघाला चालू मोसम तिथेच पूर्ण करता यावा. पहिली मागणी मान्य झाली आहे, दुसरीवर चर्चा सुरू आहे.